दिवाणजींना हसू नका, त्या खुर्चीत उद्या तुम्ही असाल

गेल्या आठवड्यात आपल्या इचलकरंजीत एका कापड व्यावसायिकाचे साडेअकरा लाख रुपये गेले. बातमी तुम्ही वाचली असेलच. मीच दिली होती. मथळा होता : 'बनावट ई-मेलच्या आमिषाला बळी, व्यावसायिकाला साडेअकरा लाखांचा गंडा'.

आज त्या मथळ्याबद्दल माफी मागायला बसलोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या टेबलावर बिलं येतात आणि ज्यांच्या सहीने पैसे जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आमिष कसलं होतं सांगा? लॉटरी नव्हती. दामदुप्पट नव्हतं. घेतलेल्या सुताचे पैसे वेळेत चुकते करायचे होते, एवढंच. पण आम्हा बातमीदारांच्या बोटांना सवय झालीय. सायबर म्हटलं की 'आमिष', फसवणूक म्हटलं की 'बळी', आणि शेवटी पोलिसांचं 'नागरिकांनी सतर्क राहावे'. वीस वर्षं हेच टाइप करतोय. पत्रकारितेच्या पदविकेत शिकवलं होतं की मथळा बातमीला धरून हवा. ते मी विसरलो. आणि माझ्या एका शब्दामुळे प्रामाणिक माणसाच्या कपाळावर 'लोभी' असा शिक्का बसला.

काय घडलं ते दोघांच्याही परवानगीने, नावं न घेता सांगतो.

या कारखान्याला तमिळनाडूतल्या एका सूतगिरणीकडून सहा-सात वर्षं सूत येतंय. दर महिन्याला बिल मेलवर येतं, दिवाणजी ते वहीत चढवतात, मालक सही करतात, आरटीजीएस होतं. त्या शुक्रवारी दुपारी गिरणीचा मेल आला. नवा नव्हे. आधीच्या बिलाच्या मेललाच आलेलं उत्तर होतं ते. खाली मागचा सगळा पत्रव्यवहार तसाच होता. बिल नंबर बरोबर, गाठींचा आकडा बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. बदल एकच : 'आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळची रक्कम कृपया खालील खात्यात पाठवावी.'

दिवाणजींनी मेल मालकांना दाखवला. मालक म्हणाले, "पाठवा की, त्यांनीच कळवलंय." दिवाणजींनी बँकेत जाऊन फॉर्म भरला. नाव गिरणीचं, खातं नंबर मेलमधला. तीन वाजता पैसे गेले. मंगळवारी गिरणीतून फोन : "पेमेंट आलं नाही अजून."

गिरणीच्या मेलचा पासवर्ड कधीतरी कुणाच्या तरी हाती लागला होता. तो इसम आत बसून आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचत असणार. कोण कुणाला किती देतो, कधी देतो, कसं लिहितो हे सगळं त्याला पाठ होतं. बरोबर वेळी त्याने एक ओळ घातली. १९३० वर फोन करेपर्यंत चार दिवस गेले होते. रक्कम तुकड्यातुकड्यात वेगवेगळ्या खात्यांत जाऊन एटीएममधून निघालेली. बासष्ट हजार तेवढे अडकवता आले.

आणि मग गावाने काय केलं? हसलं. चहाच्या गाड्यावर, वॉट्सॲप ग्रुपवर, माझ्याच बातमीखाली. "इंग्रजी वाचता येत नाही तर मेल उघडायचे कशाला?" "म्हाताऱ्याला काँप्युटरवर बसवलं की असंच होणार." एक महाशय तर "आतून सेटिंग असणार" असंही लिहून गेले. तीन दिवसांनी दिवाणजींना 'थोडे दिवस घरीच थांबा' असं सांगण्यात आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, एकतीस वर्षं एका पेढीवर, एका रुपयाचा घोळ नाही. आज गल्लीतून जाताना मान खाली घालून जातो.

यावर माझं म्हणणं रोखठोक आहे. दिवाणजी मूर्ख नाहीत. मूर्खपणा आहे तो आपल्या समजुतीत, की नीट निरखून पाहिलं तर खोटा मेल ओळखता येतो. नाही येत. मेल खरा की खोटा हे मेल वाचून ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, स्पेलिंगच्या चुका बघायच्या, पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा, घाई करतोय का बघायचं. शाळेतल्या कार्यक्रमात हेच सांगतात. बघा ना, जरूर बघा. भुरटे चोर त्यात सापडतात. २०१५ साली ओएनजीसीच्या व्यवहारातले सुमारे १९७ कोटी रुपये असेच वळवल्याच्या बातम्या आल्या होत्या. सौदी अरामकोला माल गेला, आणि पैसे भलत्याच खात्यात जमा झाले. मेलच्या पत्त्यात दोन अक्षरांची अदलाबदल होती, ओएनजीसीच्या जागी ओजीएनसी. पुन्हा वाचा, तुमच्याही डोळ्यांनी पहिल्यांदा सरळच वाचलं असेल. इंग्रजीत आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले की एम दिसतो, मोबाईलवर तर हमखास. हे डोळ्यांचं काम आहे आणि डोळे थकतात.

पण आपल्या प्रकरणात तर पत्ताही खराच होता. मेलही गिरणीच्याच खात्यातून आला होता. इथे चष्म्याचा नंबर वाढवून काय उपयोग? आणि भाषेचं म्हणाल तर आता मशीनच सुंदर इंग्रजी लिहून देतं. स्पेलिंग चुकण्याचे दिवस संपले.

'अडाणी लोक फसतात' म्हणणाऱ्यांसाठी अजून एक उदाहरण. लिथुआनियातल्या एका माणसाने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या कंपन्यांना खोटी बिलं पाठवली. क्वांटा ही तैवानची कंपनी त्यांची खरीखुरी पुरवठादार, तिच्याच नावाने. दोघांनी मिळून बारा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम भरली. त्याला २०१९ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात पाच वर्षांची शिक्षा झाली. लांब कशाला, २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून एक कोटीवर रक्कम गेली, ती मालकाच्या नावाने आलेल्या वॉट्सॲप मेसेजवर. जगाचा मेल सांभाळणारं गूगल फसलं, तर मलाबादे चौकात चहा पीत आपल्या दिवाणजींना हसायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आता उलटी गोष्ट ऐका. ही माझी स्वतःची.

मागच्या वर्षी मला एक मेल आला. २०१९ च्या पंचगंगेच्या महापुरात मी काढलेला एक फोटो त्यांना एका पुस्तकात घ्यायचा होता, मानधन सहा हजार रुपये. 'आपलं बँक खातं, आयएफएससी, पॅन आणि रद्द केलेला चेक पाठवावा.' पत्ता साधा जीमेलचा. इंग्रजी मोडकंतोडकं. माझं आडनावही चुकवलेलं. आणि शेवटी 'तातडीने' असा शेरा. शाळेत सांगतात त्या खोट्या मेलच्या सगळ्या खुणा हजर. मी हसलो आणि डिलीट करून टाकला. मित्रांना सांगितलंसुद्धा, "आम्हाला फसवतोय लेकाचा."

दीड-दोन महिन्यांनी त्यांचं एक जुनं पुस्तक वाचनालयात दिसलं. आतल्या पानावर कचेरीचा दूरध्वनी होता. सहज लावला. तर मेल खरा निघाला! बाईंनी नम्रपणे सांगितलं, तुमचं उत्तर आलं नाही म्हणून दुसऱ्याचा फोटो घेतला.

म्हणजे बघा, खऱ्यासारखा दिसणारा मेल खोटा निघाला आणि खोट्यासारखा दिसणारा खरा. दिवाणजी मेलच्या दिसण्यावर विश्वास ठेवून बुडाले, मी मेलच्या दिसण्यावर अविश्वास दाखवून बुडालो. चूक दोघांची एकच, दोघांनीही मेलकडे बघत बसून निकाल दिला. माझे सहा हजार होते म्हणून विनोद झाला. त्यांचे साडेअकरा लाख होते म्हणून नोकरी गेली.

मला सत्य कशाने कळलं? छापील पुस्तकातल्या नंबरवर केलेल्या फोनने. तो नंबर त्या मेलमधून आलेला नव्हता. सगळी गोम इथे आहे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केलात तर चोरालाच विचारल्यासारखं होईल, "बाबा रे, तू चोर आहेस का?" नंबर जुना हवा. जुन्या बिलावरचा, डायरीतला, दलालाकडचा. दिवाणजींच्या डायरीत गिरणीच्या माणसाचा नंबर सहा वर्षांपासून होता. दोन मिनिटांचा फोन. पण तो करायचा असतो असा नियम त्या कचेरीत नव्हता. नियम करणं कुणाचं काम, दिवाणजींचं की मालकांचं?

यावर एका व्यापारी मित्राने मला सुनावलं, "भावा, दर बिलाला फोन करायला लागलो तर धंदा कधी करायचा? आणि समोरच्याला वाटेल आमच्यावर संशय घेतोय." पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. दर बिलाला नको, खातं बदललं तरच. वर्षातून दोन-चार वेळा. दुसऱ्या भागाचं उत्तर तुमच्याच वाडवडिलांकडे आहे. अनोळखी माणूस चिठ्ठी घेऊन आला, "शेठने पैसे मागितलेत" म्हणाला, तर ते गल्ल्याला हात लावत होते का? शेठकडे पोरगं पिटाळायचे, मग पैसे द्यायचे. त्यात शेठला अपमान वाटत नव्हता, उलट बरं वाटायचं. कागदाच्या चिठ्ठीवर जो विश्वास आपण टाकला नाही तो काँप्युटरच्या चिठ्ठीवर का टाकला?

आता बँकांकडे वळतो, कारण सगळं खापर एका कारकुनावर फोडून बँका हात झटकतायत.

फॉर्मवर लाभार्थ्याचं नाव लिहायला रकाना असतो. दिवाणजींनी त्यात गिरणीचं नाव लिहिलं. खातं मात्र परराज्यातल्या कुणा भलत्याच माणसाचं. तरी पैसे गेले. का? कारण नाव जुळतं का हे बघितलंच जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकानुसार रक्कम निव्वळ खाते क्रमांकावर जमा होते, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. सामान्य माणसाला वाटतं नाव चुकलं तर पैसे परत येतील. वाटणारच, नाहीतर नाव विचारता कशाला?

हे चुकतंय हे रिझर्व्ह बँकेलाही पटलं. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तिने बँकांना सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय द्या. ग्राहकाकडून पैसे न घेता. नेट बँकिंगवरही आणि शाखेत येणाऱ्यालाही. म्हणजे पैसे पाठवण्याआधी ते खातं खरोखर कुणाच्या नावावर आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. काउंटरवर दिवाणजींना हे कुणी सांगितलं? कुणीही नाही. बँकेच्या भिंतीवर गृहकर्जाचा फलक आहे, विम्याचा आहे, हा नाही. साडेअकरा लाख वाचवू शकणारी सोय हातात असून ग्राहकाला कळू न देणं, याला सेवा म्हणायचं?

मालकांना कुणीतरी सांगितलं की तीन दिवसांत तक्रार केली की बँक सगळे पैसे परत देते. हा गैरसमजही दूर करून घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे फॉर्मवर मालकांची सही होती. फसवून घेतलेली का असेना, सही ती सहीच. म्हणून अशा मेलमध्ये गेलेला पैसा परत मिळवणं इतकं अवघड.

पोलिसांबद्दलही दोन शब्द. मालकांना पहिल्या दिवशी 'हे सायबरचं आहे, तिकडे जा' असं ऐकावं लागलं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारी करू शकतो, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. या गुन्ह्यात तास मोजायचे असतात. ज्या वेळात माणूस या दारातून त्या दारात जातो त्याच वेळात पैसा या खात्यातून त्या खात्यात जातो.

आता स्वतःकडेही बघू. आपण सगळेच या चोरांची सोय करून ठेवतो. ट्रस्ट असो, पतसंस्था असो, कचेरी असो, उठसूट वॉट्सॲपवर मागणी, 'पासबुकचा फोटो टाका, रद्द चेक टाका.' जीमेलच्या पत्त्यावरून लाखोंचे व्यवहार. खातं बदललं की एक ओळीचा मेल टाकून मोकळे. खरं काम खोट्याच्या पद्धतीने करायचं आणि मग खोटं खऱ्यासारखं दिसलं की आश्चर्य करायचं.

इनबॉक्समध्ये बरेच जण विचारतात, "खातं नंबर दिला तर पैसे जातात का?" नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी दिल्याने सहसा पैसे काढता येत नाहीत, त्यावर पैसे जमा होतात. आपण बिलावर छापतोच की. पण रद्द चेकवर सही करू नका, आणि चेकवर आडवं 'रद्द' लिहिल्याशिवाय फोटो देऊ नका. ओटीपी, पिन, पासवर्ड, कार्डामागचे तीन आकडे हे कुणीही, कशासाठीही मागितले तर तिथेच विषय संपला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट : 'चुकून तुमच्या खात्यात जास्त पैसे आले, उरलेले या खात्यात वळवा.' ते पैसे कुठल्यातरी दिवाणजींचेच असतात. वळवलेत तर उद्या खातं तुमचं गोठतं आणि नोटीस तुमच्या दारात येते. परस्पर पाठवू नका, आपल्या बँकेला लेखी कळवा.

तर माझ्या मागण्या अशा.

कारखानदारांनी आणि व्यापारी संघटनांनी एक ठराव करावा : मेलवर किंवा वॉट्सॲपवर आलेला खातेबदल जुन्या नंबरवर बोलून खात्री केल्याशिवाय ग्राह्य धरायचा नाही. कितीही मोठी पार्टी असो, कितीही घाई असो. नवीन खात्यावर पहिल्यांदा पैसे पाठवताना दोन माणसांनी बघायचं. आणि आपल्या प्रत्येक बिलावर छापायचं, 'आमचे बँक खाते मेलद्वारे बदलले जात नाही. शंका असल्यास फोन करा.' रबरी शिक्क्याला किती खर्च येतो?

बँकांनी नाव पडताळणीच्या सोयीचा फलक मराठीत, काउंटरवर, वाचता येईल एवढ्या अक्षरात लावावा. पुढच्या आठवड्यात मी शाखाशाखांत जाऊन बघणार आहे. फोटोसकट लिहीन.

पोलीस ठाण्यांनी पैसे गेलेल्या माणसाला आधी १९३० ला फोन लावून द्यावा, मग हद्द शोधावी.

मेलचा पासवर्ड सगळ्यांनी आजच बदला, आणि सेटिंगमध्ये जाऊन आपले मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना हे बघा. येत नसेल तर घरातल्या पोराला बसवा.

आणि शेवटची मागणी त्या मालकांकडे. शेठ, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे, परवानगी देताना तुम्हीच म्हणालात, "लिहा, पण खरं लिहा." मग खरं हे आहे. "पाठवा" हा शब्द तुमचा होता. सही तुमची होती. पेढीत नियम नव्हता, ती जबाबदारी तुमची. साडेअकरा लाख गेले याचं दुःख मोठं आहे, मी ते लहान करत नाही. पण चोराने पैसे नेले, माणूस तुम्ही स्वतः घालवताय. आज गावात खातेबदलाच्या मेलपासून सगळ्यात सावध माणूस कोण असेल तर ते तुमचे दिवाणजी. त्यांना बोलवा आणि फोन करून खात्री करायचं काम त्यांच्याकडेच द्या.

माझ्या बातमीतला 'आमिष' हा शब्द चुकीचा होता. उद्याच्या अंकात तशी दुरुस्ती छापायला संपादकांना विनंती केली आहे. दिवाणजी, तुमची जाहीर माफी मागतो.

ज्यांनी त्या बातमीखाली हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या, त्यांनी हवं तर आज इथे एक ओळ लिहावी. दिवाणजींची मुलगी हे पेज वाचते. ती त्यांना दाखवेल.